हर्डल्स शिकवताना: आधी आठ पावलं, मग हर्डल

नवखी मुलं हर्डलला आपटतात ती बहुतेकदा फार जवळून उडाल्यामुळे. समोर अडथळा दिसला की पावलं आपोआप आखडतात (हे काही मैदानापुरतंच नाही), वेग मरतो आणि मग पुढे जायचं सोडून वर उडावं लागतं.

म्हणून सुरुवात हर्डल न लावता करा. महिलांच्या १०० मीटरमध्ये पहिला हर्डल १३ मीटरवर, पुरुषांच्या ११० मीटरमध्ये १३.७२ मीटरवर असतो. शाळकरी गटांची अंतरं वेगळी. तुमच्या गटाचा पहिला हर्डल जिथे येईल तिथे चुन्याची रेघ ओढा, तिच्या साधारण दोन मीटर अलीकडे दुसरी. स्टार्टिंग ब्लॉकमधून (सुटताना पाय रेटायच्या पाट्यांवरून) सुटल्यावर आठवं पाऊल या दुसऱ्या रेघेवर पडायला हवं. आठ पावलांसाठी ज्या पायाने उडायचं तो ब्लॉकमध्ये पुढे ठेवा. उलट ठेवला तर ऐनवेळी भलताच पाय येतो.

हे जमलं की सर्वांत कमी उंचीचा हर्डल लावा. पुढच्या पायाचा (हर्डल आधी पार करतो तो) आधी गुडघा उचला, पाऊल नंतर सोडा. पाय सरळ फेकला तर धड मागे जातं. मागचा पाय (ज्याने उडालो तो) बाजूने, गुडघा काखेकडे, पंजा वर वळवून आणायचा आणि गुडघा छातीसमोर आल्याशिवाय खाली सोडायचा नाही. इथेच घाई होते आणि घोटा सोलवटतो. यासाठी हर्डलच्या कडेने चालत फक्त मागचा पाय पार करण्याचा सराव रोज करून घ्या.

दोन हर्डलमधलं अंतर महिलांसाठी ८.५० मीटर, पुरुषांसाठी ९.१४ मीटर, पण नवख्यांना सहा-सात मीटर पुरे. मध्ये तीनच पावलं पडली पाहिजेत. चौथं पडत असेल तर हर्डल जवळ आणा. ढांगा ताणायला लावू नका.

हर्डलचे पाय धावणाऱ्याच्या बाजूला हवेत, म्हणजे धक्का लागताच हर्डल पुढे पडतो. परत येताना उलट्या बाजूने पार करण्याची खोड मोडाच, तसा तो पडत नाही, मुलगा पडतो. उंची बदलली की हर्डलच्या पायांतली वजनंही सरकवा.

नागपुरात मानकापूरच्या क्रीडा संकुलातला सिंथेटिक ट्रॅक एप्रिल-मेमध्ये लवकर तापतो. सातच्या आत आटपा. पावसात काळ्या मातीच्या मैदानावर मात्र हर्डल लावूच नका, उतरणारा पाय सटकतो.