अपलोड करायच्या आधी: कॉपीराइट, ट्रेडमार्क आणि स्ट्राइक, नवीन लोकांसाठी

मी व्हिडिओ चॅनलवाल्यांचं हक्कांचं काम बघते, म्हणजे कुणाच्या व्हिडिओवर क्लेम आला (दुसऱ्याने त्यातल्या मालावर हक्क सांगितला), कुणाला स्ट्राइक पडला (चॅनलवर नियमभंगाची नोंद झाली), कुणाचा अख्खा व्हिडिओ दुसऱ्याने उचलून स्वतःच्या नावाने टाकला, की ते मेल फिरत फिरत माझ्याकडे येतात. नवीन लोकांचे प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. वकील नाही मी, हे आधीच सांगते. पण ज्या गोष्टींसाठी लोक वकिलाकडे धावतात त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी अपलोड करायच्या आधी दहा मिनिटं देऊन मिटल्या असत्या असं माझं मत झालंय.

सुरुवात त्या डिस्क्रिप्शनमधल्या वाक्यापासून करूया, "सर्व हक्क मूळ मालकाचे, कॉपीराइट भंगाचा हेतू नाही" वगैरे. याने काहीही होत नाही. उलट आपणच लेखी कबूल करतो की माल दुसऱ्याचा आहे हे मला माहीत होतं. क्रेडिट देणं चांगलंच, द्यावंच, पण क्रेडिट वेगळं आणि परवानगी वेगळी. आणि समोरच्याने त्याच्या कामावर "कॉपीराइट" असं लिहिलेलं नाही म्हणून ते मोकळं, असंही नाही. १८८६ च्या बर्न करारापासून जगातल्या बहुतेक देशांनी हळूहळू हे मान्य केलंय की काम तयार झालं की हक्क आपोआप तयार होतो, नोंदणी लागत नाही, चिन्ह लागत नाही. तुमच्या फोनमध्ये आत्ता काढलेल्या फोटोवरही तुमचा कॉपीराइट आहे.

दुसरं, ते सेकंदांचं गणित. कुणी सांगतं सात सेकंद चालतात, कुणी पंधरा, कुणी तीस. इतके सेकंद घेतले की सगळीकडे चालतं असा सरसकट नियम नाहीये. लोक ज्याला फेअर यूज म्हणतात, म्हणजे काही वेळा परवानगीशिवाय वापरायची मुभा, तो अमेरिकन कायद्यातला भाग आहे, १९७६ च्या कायद्याचं कलम १०७, आणि त्यात सेकंद नाहीत तर चार मुद्दे आहेत: तुम्ही ते कशासाठी वापरलं, मूळ काम कशा प्रकारचं होतं, किती आणि कुठला भाग घेतला, आणि त्यामुळे मूळ कामाच्या बाजारावर काय परिणाम झाला. चारही एकत्र बघतात. बाकी देशांत वेगवेगळं आहे, भारतात १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये कुठल्या कारणांसाठी वापर चालतो त्याची यादी आहे, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन, खाजगी अभ्यास वगैरे. समीक्षा करताना क्लिप थांबवून, त्यावर बोलून, मुद्दा मांडून पुढे जाणं आणि क्लिप नुसती चालू ठेवून कोपऱ्यात स्वतःचा हसरा चेहरा लावणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पण व्यवहारात एक अडचण आहे, व्हिडिओ तपासणाऱ्या प्लॅटफॉर्मच्या मशीनला फेअर यूज कळत नाही. ते फक्त जुळतंय का एवढंच बघतं. अमेरिकेत लेन्झ विरुद्ध युनिव्हर्सल (ही संगीत कंपनी) म्हणून एक केस झाली, एका आईने २००७ मध्ये आपलं बाळ गाण्यावर नाचतंय असा २९ सेकंदांचा घरगुती व्हिडिओ टाकला आणि तो उतरवायला लावला गेला. तिथल्या अपील कोर्टाने २०१५ मध्ये म्हटलं की नोटीस पाठवणाऱ्याने आधी फेअर यूजचा विचार करायला हवा. आठ वर्षं गेली बघा मध्ये. म्हणून मी नवीन माणसाला सांगते, फेअर यूज हा भांडण झाल्यावर मांडायचा बचाव आहे, त्याच्या भरवशावर रोजचं चॅनल चालवू नका.

आता कामाची गोष्ट. एका गाण्यात एकच हक्क नसतो. शब्द आणि चाल यांचा वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा. तुम्ही स्वतः गाऊन कव्हर केलंत तर रेकॉर्डिंग तुमचं, पण चाल आणि शब्द दुसऱ्याचेच, आणि मागे कुणाचा तरी कराओके ट्रॅक लावला असेल तर तो तिसऱ्याचा. "मी स्वतः गायलंय तरी क्लेम कसा आला" या मेलचं उत्तर हेच असतं. फोटोतही तसंच, फोटो तुमचा आहे म्हणजे फोटोत तुम्ही आहात, हक्क सहसा काढणाऱ्याचा असतो. थंबनेल करून देणाऱ्या डिझायनरला पैसे दिले म्हणून बऱ्याच देशांत हक्क आपोआप तुमच्याकडे येत नाही, चार ओळींचं लेखी घ्या, मेलवर घेतलं तरी ते काहीच नसण्यापेक्षा बरं. आणि फॉन्ट! फॉन्ट सगळे विसरतात. "फक्त वैयक्तिक वापरासाठी" असं लिहिलेला फॉन्ट पैसे कमावणाऱ्या चॅनलच्या लोगोत नको.

ॲपमध्ये जी गाणी निवडायला मिळतात ती त्या ॲपपुरती असतात. तिथे गाणं लावून बनवलेली रील डाउनलोड करून दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर टाकली की ती परवानगी सोबत येत नाही. बिझनेस अकाउंट असेल तर बऱ्याच ठिकाणी लायब्ररीच वेगळी आणि छोटी मिळते, कारण जाहिरातीसाठी गाणं वापरायचे हक्क वेगळे विकले जातात.

क्रिएटिव्ह कॉमन्सवर, म्हणजे निर्मात्याने काही अटींवर वापरायची परवानगी आधीच देऊन ठेवण्याच्या लायसन्सवर, थोडं जास्त लिहिते कारण तिथे फुकटात खूप चांगला माल आहे आणि लोक घाबरून तरी सोडतात नाहीतर बिनधास्त ढापतात. २००१ मध्ये ही संस्था सुरू झाली, लायसन्स सहा प्रकारची आहेत, शिवाय सीसी झीरो म्हणजे हक्कच सोडून दिलेलं. बीवाय असेल तर श्रेय द्या आणि वापरा. एनसी असेल तर धंद्यासाठी नाही, आता जाहिरातींचे पैसे मिळणारा व्हिडिओ धंदा धरायचा का यावर वाद होतात, मी तरी सरळ लांब राहते. एनडी असेल तर बदललेलं काम पुढे देता येत नाही, म्हणजे ट्रॅक कापून व्हिडिओला सिंक केला तरी ते त्यात मोडतं. एसए असेल तर त्यावर बेतलेलं तुमचं कामही तुम्हाला त्याच अटींवर सोडावं लागतं. श्रेय देताना नाव, शीर्षक, मूळ लिंक, लायसन्सची लिंक आणि काही बदल केला असेल तर तसं, एवढं लिहा. कमी लोकांना माहीत असलेली सोय म्हणजे ४.० आवृत्तीत अट मोडली गेली तरी ती कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर लायसन्स परत चालू होतं. त्यामुळे "श्रेय राहिलंय" असा मेल आला तर भांडत बसू नका, त्याच दिवशी दुरुस्त करा.

आता क्लेम आणि स्ट्राइक. हे दोन वेगळे आहेत आणि नवीन लोक क्लेम आला की चॅनल गेलं म्हणून रडायला लागतात. यूट्यूबवरचं सांगते कारण बहुतेकांचं तिथेच असतं. कंटेंट आयडी नावाची जुळवाजुळव करणारी सिस्टीम आहे, ती क्लेम लावते. त्यात बहुतेक वेळा व्हिडिओ चालू राहतो फक्त पैसे समोरच्याला जातात किंवा काही देशांत व्हिडिओ दिसत नाही. चॅनलवर डाग नाही. स्ट्राइक येतो तो कायदेशीर टेकडाउन नोटीस मान्य होऊन व्हिडिओ उतरवला की, आणि ९० दिवसांच्या आत तीन झाले तर चॅनल बंद होऊ शकतं. स्ट्राइक आल्यावर व्हिडिओ डिलीट करून स्ट्राइक जात नाही, हे मोठ्याने वाचा, कारण घाबरून सगळे आधी तेच करतात.

एक केस जरा जवळून दाखवते. चित्रकला शिकवणारं चॅनल, मागे वाजणारा ट्रॅक रीतसर विकत घेतलेला, तरी क्लेम. क्लेमचं पान उघडलं तर व्हिडिओतला अर्ध्या मिनिटाचा तुकडा दाखवत होता, आणि समोर कुठल्याशा अनोळखी गाण्याचं नाव. दोन्ही लावून ऐकल्यावर लक्षात आलं की ढोलाचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, एकच आहे. दोन्ही संगीतकारांनी तो एकाच रेडीमेड लूप पॅकमधून घेतलेला, त्यातल्या एकाने गाणं डिस्ट्रिब्युटरमार्फत कंटेंट आयडीत घातलं, आणि मग जगात जिथे जिथे तो लूप वाजला तिथे तिथे क्लेम. अशा वेळी डिस्प्यूट करायचं, म्हणजे क्लेमवर हरकत घ्यायची, कारण म्हणून लायसन्स निवडायचं, आणि खाली तीन ओळी: ट्रॅकचं नाव आणि लिंक, लायसन्स नंबर आणि खरेदीची तारीख, जुळणारा भाग दोन्हीकडे वापरलेल्या नॉन-एक्स्क्लुझिव्ह (अनेकांना वापरता येणाऱ्या) लूपचा आहे. बस. "माझ्या मेहनतीवर अन्याय" असा निबंध लिहू नका, तो कुणी वाचत नाही. क्लेम करणाऱ्याकडे उत्तरासाठी ३० दिवस असतात आणि उत्तर आलंच नाही तर क्लेम सुटतो. शिवाय क्लेम आल्यापासून ५ दिवसांच्या आत डिस्प्यूट टाकलं तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला राखून ठेवले जातात, म्हणून हातात लायसन्स असेल तर उशीर करू नका. हातात काही नसेल तर उगाच डिस्प्यूट करू नका, कारण ताणत गेलात तर समोरचा टेकडाउन पाठवू शकतो आणि साध्या क्लेमचा स्ट्राइक होतो.

स्ट्राइकच्या विरुद्ध काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे व्हिडिओ चुकून उतरवला असं सांगणारी उलट नोटीस, देता येतं, हे अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए कायद्यातून आलंय. त्यात तुमचं खरं नाव-पत्ता समोरच्याकडे जातो आणि खोटं लिहिलं तर शपथेवर खोटं बोलल्यासारखं होतं. मग समोरच्याने १० कामकाजाच्या दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येऊ शकतो. त्याच्या आधी सोपा रस्ता म्हणजे समोरच्याला नीट मेल लिहून नोटीस मागे घ्यायला सांगणं, आणि माझ्या अनुभवात माणसासारखं लिहिलेल्या मेलला माणसासारखं उत्तर बऱ्याचदा येतं.

ट्रेडमार्क ही पूर्ण वेगळी भानगड आहे. कॉपीराइट कामाला असतो, ट्रेडमार्क माल किंवा सेवा कुणाची हे ओळखायच्या खुणेला, म्हणजे नाव, लोगो, कधी रंगसंगतीसुद्धा. तिथे मुख्य प्रश्न असतो की बघणाऱ्याचा गोंधळ होईल का. रिव्ह्यूमध्ये फोनच्या ब्रँडचं नाव घेतलं तर काही होत नाही, नाव न घेता रिव्ह्यू करणार कसा? पण चॅनलच्या नावात ब्रँड, पुढे "ऑफिशियल", डीपीला त्यांचाच लोगो, असं केलं की तक्रार आलीच समजा. कॉपीराइट मुदतीनंतर संपतो, कुठे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तर कुठे ७०, पण ट्रेडमार्क दर १० वर्षांनी रिन्यू करत राहिला तर संपतच नाही. मिकी माउसचा १९२८ चा पहिला अवतार अमेरिकेत १ जानेवारी २०२४ ला कॉपीराइटमधून मोकळा झाला, तेव्हा लगेच लोकांना टी-शर्ट छापायचे होते. त्या जुन्या कार्टूनमधला उंदीर घ्या, पण डिस्नेचे ट्रेडमार्क जिवंत आहेत, टी-शर्ट डिस्नेचाच आहे असं वाटलं की अडकलात.

चॅनलचं नाव ठरवताना आधी विपोच्या (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या) ग्लोबल ब्रँड डेटाबेसमध्ये शोधा, फुकट आहे. ट्रेडमार्क ४५ वर्गांमध्ये नोंदतात त्यामुळे तेच नाव साबणाला असेल तर तुम्हाला अडचण येईलच असं नाही, मनोरंजन आणि शिक्षण ४१ मध्ये येतं, तिथे आधी बघा. पण फार प्रसिद्ध ब्रँड असेल तर वर्गाचा आधार शोधू नका. आणि गोलातला आर, म्हणजे नोंदणीकृत ट्रेडमार्कची खूण, नोंदणी झाल्याशिवाय लावू नका, बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे. टीएम लावता येतं. ट्रेडमार्कच्या तक्रारीला डीएमसीएसारखा ठरलेला काउंटरचा रस्ता नसतो, प्लॅटफॉर्म तक्रारदाराशीच बोला म्हणतो, म्हणून दहा हजार सबस्क्रायबर झाल्यावर नाव बदलण्यापेक्षा शून्यावर असताना बदला.

तुमचंच कुणी चोरलं तर? चिडून कमेंटमध्ये भांडू नका, स्क्रीनशॉट आणि लिंक घ्या, मूळ फाइल आणि अपलोडची तारीख शोधा आणि प्लॅटफॉर्मचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भरा. फॉर्म भरताना खरंच तुमचंच आहे याची खात्री करा, तुमच्या व्हिडिओत वापरलेला स्टॉक क्लिप दुसऱ्यानेही वापरला तर ती चोरी नाही. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, "माझी आयडिया घेतली" ही तक्रार फॉर्ममध्ये चालत नाही. ट्रेडमार्कच्या वाटेनेही ते सोपं नाही, २०१६ मध्ये फाइन ब्रदर्स या अमेरिकन यूट्यूबर भावांनी "रिॲक्ट" (दुसऱ्याचा व्हिडिओ बघून प्रतिक्रिया देणारे व्हिडिओ) या नावाच्या ट्रेडमार्कचा प्रयत्न केला तेव्हा लोकांनी एवढा आरडाओरडा केला की त्यांना तो मागे घ्यावा लागला.

शेवटी एक स्प्रेडशीट बनवा, मी सगळ्यांना पहिल्या दिवशी तेच बनवायला लावते. प्रत्येक व्हिडिओपुढे त्यातल्या प्रत्येक उसन्या गोष्टीची एक ओळ: काय, कुणाचं, कुठून, कुठलं लायसन्स, बिल कुठे ठेवलंय. लायसन्सच्या पानाची पीडीएफ काढून ठेवा, कारण साइट बंद होतात, अटी बदलतात, आणि क्लेम दोन वर्षांनीसुद्धा येतो. सबस्क्रिप्शनवाल्या लायब्ररीत सबस्क्रिप्शन चालू असताना टाकलेले व्हिडिओ नंतरही सुरक्षित राहतात का हे आधीच वाचा, प्रत्येकाची अट वेगळी असते. आणि वकिलाची फी कधी द्यायची असं विचाराल तर तीनदा: काउंटर नोटिफिकेशन पाठवायच्या आधी, समोरच्याच्या वकिलाचा मेल आला की, आणि स्वतःच्या लोगोचा माल विकायला काढायच्या आधी.