बडोद्याचं जुनं शहर पायी कसं बघायचं (आणि तांबेकर वाड्यात तासभर का काढायचा)

बडोद्याला आलेले पाहुणे लक्ष्मी विलास पॅलेस बघतात, कमाटीबागेतलं म्युझियम उरकतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात, मला खरंच वाईट वाटतं कारण जुनं शहर राहूनच जातं. म्हणून एक अख्खी सकाळ मोकळी ठेवा, सवयीच्या चपला घाला आणि गाडी हॉटेलवरच राहू द्या. जुन्या शहराच्या मधोमध असलेल्या मांडवीच्या गर्दीत पार्किंग शोधण्यात जीव जातो.

सुरुवात खंडेराव मार्केटपासून करा, लवकर, फुलांचा बाजार भरात असताना. इमारत सयाजीरावांनी १९०६ मध्ये बांधलेली, आज तिथे महापालिकेचं ऑफिस आहे, पण आधी झेंडूच्या ढिगांमधून एक चक्कर मारा. मग दांडिया बाजारकडे चालत या. ही आपली जुनी मराठी वस्ती, अजूनही ओट्यावर बसलेले आजी-आजोबा अर्धं वाक्य मराठीत नि अर्धं गुजरातीत बोलताना ऐकू येतील. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात नोकरीला होते, ते राहायचे ते घर याच भागात आहे, अरविंद निवास विचारलं की कोणीही दाखवेल.

आता तांबेकर वाडा. रावपुऱ्याच्या गल्लीत आहे, बाहेरून बघून वाटणारही नाही आत काय आहे ते. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा तीन मजली लाकडी वाडा, आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. दार लोटलेलं दिसलं तर परत फिरू नका, चौकीदाराला नीट विचारा, "काका, अंदर जवाय ने?" एवढं गुजराती पुरतं. वरच्या मजल्यावर गेलात की लगेच मोबाईल काढू नका, आधी पाचेक मिनिटं नुसते उभे राहा, डोळे अंधाराला सरावले की भिंती हळूहळू दिसायला लागतात. कृष्णलीला आहे, महाभारत आहे, इंग्रज-मराठ्यांची लढाई आहे आणि मध्येच गोऱ्या मडमासुद्धा, म्हणजे ज्या काळात रेसिडेंट साहेबाचा, म्हणजे इंग्रजांच्या प्रतिनिधीचा, शब्द दरबारात चालायचा तो काळ दिवाणाच्या घरातल्या भिंतीवर आलाय. काही ठिकाणी रंग उडालाय, गिलावा पडलाय, म्हणून हात लावायचा नाही, पाठ टेकून फोटो काढायचा नाही आणि फ्लॅश तर अजिबात नाही. मुलं बरोबर असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. मी शाळेत असताना पहिल्यांदा आत्याबरोबर गेले होते, तिने मला एकच लढाईचं चित्र दाखवून त्यातले घोडे मोजायला लावले होते, तेव्हापासून मी भिंतीवरचं चित्र एका कोपऱ्यापासून सुरू करते. तुम्हीही तसंच करा, सगळं बघायच्या मागे लागलात तर काहीच लक्षात राहत नाही.

तिथून सूरसागर. तलावाच्या काठालाच म्युझिक कॉलेज, १८८६ मध्ये मौलाबक्षांनी सुरू केलेलं, नशिबात असेल तर रियाज ऐकायला मिळतो. समोर न्यायमंदिर, खूप वर्षं इथे कोर्ट होतं, नुसतं बाहेरून बघितलं तरी चालेल. मग लहेरीपुरा दरवाज्यातून सरळ मांडवी. चारही दरवाज्यांचे रस्ते इथे येऊन मिळतात, लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर नि गेंडीगेट. पोळांमध्ये, म्हणजे जुन्या घरांच्या अरुंद गल्ल्यांमध्ये शिरा, पण लोकांच्या घरांचे फोटो काढायच्या आधी विचारा, बहुतेक बेन हसून हो म्हणतात.

देवउठी एकादशीला आलात तर विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, मांडवीहून निघतो, त्या दिवशी सकाळीच जागा धरा.

भूक लागली की सेव उसळ, तरी (तिखट रस्सा) वेगळी मागून घ्या, तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा. घरी न्यायला लीलो चेवडो, म्हणजे इथला ओला चिवडा.

कीर्तिमंदिर, म्हणजे गायकवाड घराण्याचं स्मृतिमंदिर, मात्र या चालण्यात बसवू नका, दुपारनंतर रिक्षा करून वेगळं जा. नंदलाल बोसांनी १९३९ ते १९४६ मध्ये तिथल्या भिंती रंगवल्यात, गंगावतरण, मीराबाई, महाभारताचं युद्ध, आणि सकाळी तांबेकर वाड्यातलं महाभारत बघून झालेलं असलं की हे दुसरं महाभारत बघताना फार मजा येते.