ऐंशी पूर्ण झाली, पेन्शन वाढली का?

माजी सैनिकाला ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते. ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरी गाठली की मूळ पेन्शनएवढीच जादा रक्कम. हे टक्के एकमेकांत मिळवायचे नाहीत. ८५ ला २० च्या जागी ३० येतात. मूळ पेन्शन २५,००० असेल तर ८० ला ५,००० वाढतात आणि त्यांवर महागाई भत्ताही लागतो. वाढ वाढदिवसाच्या महिन्याच्या १ तारखेपासून. जन्म २० ऑगस्ट १९४६ चा असेल, तर १ ऑगस्ट २०२६ पासून.

वाढ आपोआप लागायला हवी, पण ती लागते नोंदीतल्या जन्मतारखेवर. म्हणून ७९ व्या वर्षीच 'स्पर्श' या सैनिकी पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन करून स्वतःची आणि पत्नीचीही जन्मतारीख पाहा. सैनिकाची तारीख बहुधा बरोबर असते. घोळ होतो तो पत्नीच्या बाबतीत: जुन्या पीपीओत (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) तिची जन्मतारीखच नसते, किंवा डिस्चार्ज बुकात 'लक्ष्मीबाई' आणि आधारवर 'लक्ष्मी'. कुटुंब निवृत्तिवेतनावरची वाढ तिच्या स्वतःच्या वयावर मिळते, त्यामुळे हे काम नवरा हयात असतानाच उरकलेलं बरं. मागाहून तिला एकटीला कागद गोळा करत फिरावं लागतं.

दुरुस्तीसाठी आधार, पॅन, डिस्चार्ज बुक आणि पीपीओच्या प्रती जोडून आपल्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं. पोच घ्या, जपून ठेवा.

दुसरी अडचण हयातीच्या दाखल्याची. ८० वरच्यांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीची वाट पाहू नका. बोटांचे ठसे झिजून उमटत नसतील तर हयातीचा डिजिटल दाखला देणाऱ्या 'जीवन प्रमाण'च्या मोबाइल अ‍ॅपवर चेहऱ्याची ओळख चालते. उजेड समोरून असू द्या. पेन्शन 'स्पर्श'मधून येत असेल, तर पेन्शन देणारी संस्था म्हणून बँक निवडू नका, 'स्पर्श' निवडा. पैसे बँकेत येतात म्हणून सवयीने बँकेचं नाव टाकलं जातं, दाखला भलतीकडेच जातो आणि पेन्शन अडकते. पीपीओ क्रमांकही जुना नको, 'स्पर्श'वर दिसतो तोच घाला.