निंबोळ्या आत्ता वेचा, श्रावणात फवारा

मृगाचा पाऊस पडून गेला की कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो आणि बहुतेक ठिकाणी तो चिखलात तुडवला जातो. परसबागेतली भाजी विषमुक्त हवी असेल, तर खरीप आणि रब्बी दोन्हींचं कीडनाशक गोळा करायचे हेच दिवस आहेत. भेंडीवर मावा दिसल्यावर शोधायला निघालात, तर झाडाखाली काही उरलेलं नसतं.

झाडाखाली जुनं लुगडं अंथरा आणि पडलेल्या निंबोळ्या रोज सकाळी उचला. ओल्या मातीत पडून बुरशी चढलेल्या घेऊ नका. पाण्यात चोळून गर काढा, बिया धुऊन सावलीत पातळ पसरा. हवा दमट असल्यामुळे वाळायला वेळ लागतो, पण घाई करू नका. अर्धवट वाळलेल्या बिया प्लास्टिकच्या पिशवीत भरल्या की आत घाम धरतो आणि सगळं बुरसतं. आतला मगज खुळखुळायला लागला की वाळल्या समजा. मग गोणपाटात भरून कोरड्या जागी ठेवा. आठ-दहा महिन्यांत त्यांचा जोर कमी होतो, म्हणून साठा दरवर्षी नवा करा.

फवारणीसाठी ५ टक्के अर्क लागतो, म्हणजे १०० लिटरला वाळलेल्या बियांची ५ किलो भरड. परसबागेला १० लिटर पुरे, त्यासाठी ५०० ग्रॅम भरड घ्या. पाटा-वरवंट्यावर जाडसर भरडा. फार बारीक केली तर तेल सुटून गोळा होतो. लिटरभर पाण्यात ती संध्याकाळी भिजत घाला. दुसऱ्या दिवशी काठीने चांगली ढवळून दुहेरी फडक्यातून पिळून गाळा, नाहीतर पंपाचं नोझल तुंबतं. वेगळ्या भांड्यात साध्या साबणाचा २० ग्रॅम चुरा विरघळवून त्यात मिसळा आणि पाणी घालून १० लिटर करा. साबणामुळे अर्क पानाला चिकटतो, मात्र जास्त झाला तर पानं करपतात. आधी दोन-चार पानांवर मारून पाहिलेलं बरं.

त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारा. निंबोळीतलं ॲझाडिरॅक्टिन हे कीडनाशक द्रव्य उन्हात लवकर निकामी होतं, शिवाय संध्याकाळी फुलांवर मधमाश्या नसतात. पानाच्या खालच्या बाजूला अर्क पोचलाच पाहिजे, मावा-तुडतुडे तिथेच बसतात. फवारल्यावर लगेच पाऊस आला, तर उघडीप पाहून पुन्हा मारा. एरवी ८-१० दिवसांचं अंतर ठेवा.

दुसऱ्या दिवशी कीड मेलेली दिसली नाही म्हणून निराश होऊ नका. या अर्काने किडीचं खाणं मंदावतं, कात टाकणं बिघडतं. परिणाम हळूहळू दिसतो. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, लहान अळ्या यांच्यावर तो चांगला चालतो. वांग्याच्या शेंड्यात शिरलेल्या अळीपर्यंत मात्र तो पोचत नाही. सुकलेला शेंडा अळीसकट खुडून नष्ट करा. भेंडीवर केवडा, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा विषाणूरोग, आला असेल, तर ते झाड उपटाच. तो पांढरी माशी पसरवते, आणि एकदा झालेल्या झाडावर इलाज नाही.

गाळून उरलेला चोथा झाडांच्या बुंध्याशी मातीत मिसळा, निंबोळी पेंडीसारखा उपयोगी पडतो.

खतासाठी जीवामृत करा. पद्मश्री सुभाष पाळेकरांनी ते गावोगाव पोचवलं. २० लिटर पाण्यात १ किलो देशी गाईचं ताजं शेण, लिटरभर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि रासायनिक खत न पडलेल्या बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवा, गोणपाटाने झाका. घट्ट झाकण लावू नका, आत वायू तयार होतो. सकाळ-संध्याकाळ ढवळा. दोन दिवसांनी वापरायला घ्या आणि आठवड्याच्या आत संपवा. कुंड्यांना दहापट पाण्यात मिसळून द्या, आणि माती ओली असतानाच द्या.