‘जा रे, पुडी घेऊन ये’ हे मैदानावरून बंद कसं करायचं? कबड्डी संघाला सोबत घेऊन असं करा

संध्याकाळचे सात वाजलेत. मैदानावर पाणी मारून झालंय, रेषा आखून झाल्यात. संघाचा मुख्य चढाईपटू शड्डू ठोकायच्या आधी खिशातून वीसची नोट काढतो आणि कडेला बसलेल्या पाचवी-सहावीतल्या पोराला म्हणतो, ‘जा रे, पळत जा, मावा घेऊन ये.’ मावा म्हणजे तंबाखू-सुपारीची पुडी. पोरगं धावत सुटतं. तोंडावर केवढा आनंद! एवढ्या पोरांतून दादाने त्यालाच हाक मारलेली असते.

मी क्रीडाशिक्षक आहे. हे दृश्य मी कित्येक वर्षं पाहिलं आणि त्यात वावगं काही आहे असं मला वाटलंच नाही. मुलांना तंबाखूपासून लांब ठेवायचं म्हणून आम्ही बॅनर लावले, शपथा घेतल्या. पहिल्या वर्षी तर शपथेचा बॅनर धरून उभ्या असलेल्यांपैकीच दोघं कार्यक्रम संपताच त्याच बॅनरच्या आडोशाला तंबाखू मळत होते आणि समोर आठवीची मुलं उभी होती. मुलं बॅनर वाचत नाहीत, खेळाडूकडे बघतात, हे त्या दिवशी मला कळलं. म्हणून संघासोबत काम करायचं तर सुरुवात त्या वीसच्या नोटेपासून करा.

२०१९च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातले १३ ते १५ वयोगटातले ८.५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत असल्याचं आढळलं. चघळण्याचा तंबाखू वापरणाऱ्या मुलांपैकी ५२ टक्क्यांनी तो दहावा वाढदिवस यायच्या आधीच सुरू केला होता. म्हणजे आठवी-नववीच्या वर्गात भाषण द्यायला आपण पोचतो, तोवर बराच उशीर झालेला असतो. दुसरी गोष्ट, २०१६-१७च्या प्रौढांच्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के, तर चघळणारे, लावणारे २४.४ टक्के. मग मैदानावर सिगारेटवर फुली मारलेलं चित्र लावून काय साधणार? आपला प्रश्न मावा, खर्रा, गुटखा आणि मळलेल्या तंबाखूचा आहे. बोलायचं ते त्यावर बोला.

पहिली पायरी: पावसाळ्यात बसा

स्पर्धांच्या धामधुमीत कुणी ऐकून घेत नाही. मैदानं चिखलात असतात, सामने थांबलेले असतात, तेव्हा मंडळाची माणसं निवांत भेटतात. १५ जुलै हा कबड्डीमहर्षी बुवा साळवींचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. बैठकीला ते चांगलं निमित्त आहे. गावात दोन-तीन मंडळं असतील तर आधी एकच निवडा. सगळ्यात जिंकणारं मंडळ निवडायची गरज नाही. ज्याच्या सरावाला लहान पोरांची सर्वांत जास्त गर्दी होते, ते निवडा.

दुसरी पायरी: मोठ्या खेळाडूंशी एकेकट्याने बोला

सगळं काम इथेच होतं किंवा बिघडतं, म्हणून इथे वेळ द्या. आधी कर्णधार, मग प्रशिक्षक, मग ज्याच्या नावाने पोरं टाळ्या वाजवतात तो चढाईपटू. चारचौघांत विषय काढलात की ते हसण्यावारी नेतात, नाहीतर चिडतात. घरी जा, चहा घ्या, आणि कॅन्सरचे फोटो अजिबात काढू नका. ते त्यांनी पुडीवर रोज पाहिलेले असतात.

मी एकच प्रश्न विचारतो, ‘पहिली पुडी कुणाकडनं खाल्लीस?’

बहुतेक जण जरा आठवून सांगतात, मंडळातल्याच एखाद्या मोठ्या खेळाडूचं नाव. एकजण नाव सांगून गप्पच झाला. ज्याचं नाव घेतलं तो दादा आता तोंड पुरतं उघडत नाही म्हणून जेवण कालवून, पातळ करून खातो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्या शांततेनंतर मला फार बोलावं लागलं नाही. मी एवढंच म्हणालो, ‘आता ती बाहेर बसलेली पोरं उद्या तुझं नाव सांगतील.’

त्यांच्याकडे लगेच तंबाखू सोडण्याचं वचन मागू नका. दहा वर्षांची सवय एका चहावर सुटत नाही, आणि मोडलेलं वचन पोरांना लगेच दिसतं. मागायचं ते त्यांना उद्यापासून पाळता येईल असं मागा.

तिसरी पायरी: मैदानाचे तीन नियम

आमच्याकडे टिकलेले नियम असे:

१. अठरा वर्षांखालच्या कुणालाही टपरीवर पुडी आणायला पाठवायचं नाही. स्वतःची असो की पाहुण्याची.
२. मैदानाच्या दोरीच्या आत तोंडात काही धरून यायचं नाही. हे खेळाडूंना लागू, तसंच पंचांना, जुन्या खेळाडूंना आणि कडेला खुर्ची टाकून बसणाऱ्या ज्येष्ठांनाही.
३. संघाची जर्सी अंगावर असताना टपरीवर थांबायचं नाही.

नियम कर्णधाराने सांगायचे, शिक्षकाने किंवा डॉक्टरने नाही. मोडणाऱ्याने त्या दिवशी सराव करायचा नाही, बाहेर बसायचं. दंडाचे पैसे घेऊ नका. पैसे भरले की माणसाला वाटतं, हिशेब मिटला.

पहिला नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. पुडी आणायला जाणारं पोर तिचा भाव शिकतं, वास ओळखतं, टपरीवाल्याच्या ओळखीचं होतं. उरलेली सुपारी ‘घे रे’ म्हणून त्याच्याच हातावर पडते. पुढचं सांगायला नको.

मग कर्णधाराला घेऊन टपरीवर जा. टपरीवाला गावातलाच असतो, त्याचंही पोट आहे, तेव्हा दम देऊ नका. पण कायदा स्पष्ट सांगा. २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विक्री चालत नाही. बाल न्याय कायदा २०१५ तर फार कडक आहे. मुलाच्या हाती तंबाखू दिल्यास त्याच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहेच. ‘दादांनी पाठवलंय’ म्हणून पोर आलं तर त्याला परत पाठव, दादा स्वतः येतील, असं खुद्द दादानेच टपरीवाल्याला सांगितलं की फरक पडतो.

चौथी पायरी: सरावात दहा मिनिटं

भाषण ठेवू नका. वॉर्म-अप झाल्यावर दहा मिनिटं पुरतात, पंधरवड्यातून एकदा.

एक दिवस दमावर बोला. तीस सेकंदांच्या चढाईत कबड्डी-कबड्डीचा उच्चार तुटू न देता रेषा ओलांडायची, गडी टिपायचा आणि परत यायचं. निकोटीनने हृदयाचे ठोके विनाकारण वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात. बिडी-सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. हे सगळं चढाईच्या भाषेत सांगा. ‘शेवटच्या पाच मिनिटांत पाय जड होतात ना, त्यात पुडीचाही हात आहे,’ एवढं खेळाडूला पटतं. चाळिशीतल्या आजाराची भीती चौदा वर्षांच्या मुलाला शिवतही नाही, पण रविवारचा सामना हरायची भीती असते.

दुसऱ्या दिवशी तीन बोटांची तपासणी करा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकत्र धरायची, उभी करायची आणि तोंड पूर्ण उघडून दातांच्या मधे घालायची. निरोगी तोंडात आपलीच तीन बोटं आरामात बसतात. सुपारीमुळे गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते, आधी तिखट झोंबायला लागतं, मग तोंड उघडणं कमी होतं. आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा किशोर गटातली पोरं हसत हसत तीन बोटं घालून उभी राहिली. वरच्या गटातल्या एका खेळाडूची दोनच बोटं गेली. तो तिसरं बोट घालायचा प्रयत्न करत राहिला. कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला दंतवैद्याकडे घेऊन गेलो.

इथे एक गैरसमज दूर करा. ‘माझ्या पुडीत तंबाखू नाही, साधी सुपारी आहे’ असं मुलं सांगतात. तोंड आखडायला सुपारीच कारण आहे. साधा पानमसालाही तेवढाच वाईट.

पाचवी पायरी: स्पर्धा आपल्या हातात घ्या

स्पर्धा भरवायला पैसा लागतो आणि पैशासाठी मंडळं कुणाचाही फ्लेक्स लावतात. क्रिकेटमध्येही हे झालंय. १९९६चा विश्वचषक सिगारेटच्या ब्रँडच्या नावाने खेळला गेला, नव्वदच्या दशकात भारतीय संघाच्या टी-शर्टवरही तेच नाव होतं. २००३च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातीला आणि प्रायोजकत्वाला मनाई केली. आता तंबाखूच्या ब्रँडचं नाव वेलचीच्या, पानमसाल्याच्या डबीवर चढून येतं. मंडळाला सांगा, तो फ्लेक्स नको. पण नुसतं नको म्हणून उठू नका. दूध संघ, पतसंस्था, मेडिकलवाले, गावातून पुण्या-मुंबईला गेलेले जुने खेळाडू यांच्याकडे स्वतः वर्गणीला फिरा. आपण पर्याय उभा केला नाही तर मंडळाला दोष देण्यात अर्थ नाही.

स्पर्धेतली खरी ताकद समालोचकाकडे असते. दोन सामन्यांच्या मधे त्याच्या तोंडून एखादं वाक्य गेलं तर हजार माणसं ऐकतात. ‘मैदानाच्या दोरीच्या आत तंबाखू नको, आपली मुलं बघतायत’ एवढं पुरे. निमंत्रणपत्रिकेतही तशी एक ओळ छापा, म्हणजे व्यासपीठावर बसणारे पाहुणे तोंड धुऊन येतात. सत्काराच्या ताटात पानसुपारीऐवजी गूळ-शेंगदाणे ठेवा. खेळाडूंना तेच हवे असतात.

‘उत्कृष्ट तंबाखूमुक्त खेळाडू’ असलं बक्षीस मात्र ठेवू नका. मुलं खोटं बोलायला शिकतात, आणि ज्याला मदत हवी असते तो लपून बसतो. द्यायचं तर मैदानाचे नियम पाळणाऱ्या संघाला द्या.

सहावी पायरी: ज्याला सोडायचंय त्याच्यासोबत राहा

एखादा खेळाडू आपण होऊन येईल. बहुधा रात्री, सगळे गेल्यावर. त्याला स्पर्धेच्या आठवड्यात सोडायला लावू नका. पहिले तीन-चार दिवस चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणं, हे होणारच. दोन-चार आठवड्यांत ते ओसरतं. तल्लफ एकदा आली की काही मिनिटांत जाते. तेवढा वेळ काढायला पाण्याची गुळणी, दोरीवरच्या पन्नास उड्या, तोंडात लवंग किंवा बडीशेप. गोड सुपारी नाही. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ वर फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. पहिला फोन त्याच्या शेजारी बसून लावा. निकोटीनचे च्युइंगगम वगैरे डॉक्टरांना विचारूनच, कुमारवयीन मुलांच्या बाबतीत तर नक्कीच. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा दोन आठवड्यांत न भरलेला व्रण असला, तर थेट जिल्हा रुग्णालय गाठा.

तो पुन्हा खाईल. एकदा, दोनदा. त्याला संघातून काढू नका. काढलात तर त्याची संध्याकाळ टपरीवर जाते.

आणि दर हंगामाला

जून आला की कर्णधार बदलतो, किशोर गटातली मुलं वरच्या गटात जातात. हा बदल फार नाजूक असतो. नव्या संघात आपलं स्थान पक्कं करायला पोर मोठ्यांसारखं वागू बघतं. म्हणून नव्या कर्णधाराला जुन्याने तीन नियम समोर बसून सांगावेत, आणि वर आलेल्या प्रत्येक मुलामागे एक मोठा खेळाडू नेमून द्यावा. आमच्याकडे तो दोन बोटंवाला खेळाडूच यंदा हे काम बघतोय. सरावाला तो सगळ्यांच्या आधी येतो, कडेच्या पोरांना पाण्याच्या बाटल्या भरायला नळावर पाठवतो आणि ती परत येईपर्यंत त्यांच्याकडे बघत उभा राहतो.