चाकांच्या दुसऱ्या सेटला प्रेशर सेन्सर बसवताना

पावसाळ्यात मला साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने कासकडे वरचेवर जावं लागतं, म्हणून खोल नक्षीच्या टायरांचा वेगळा सेट ठेवलाय. त्या चाकांतही टायरमधली हवा मोजून गाडीला कळवणारे सेन्सर हवेत, पण ते घेण्याआधी गाडीचं मॅन्युअल बघा. काही गाड्या एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून चाकाचा वेग मोजूनच हवा कमी झाल्याचं ओळखतात. तिथं चाकात काही बसवायचं नसतं. सेन्सर चाकाच्या आत असतील तर नव्यांची रेडिओ फ्रिक्वेन्सी गाडीची आहे तीच हवी. 433 मेगाहर्ट्झच्या गाडीला 315 चा सेन्सर ऐकू येत नाही.

टायरवाल्याजवळ स्वतः उभे राहा. माझा एक सेन्सर टायर चढवताना पट्टीखाली सापडून फुटला. वॉल्व्हला लागूनच आत असतो तो! आता मी रिमवर त्या जागी खडूने खूण करूनच चाक देतो. वॉल्व्हचं रबर नवं घाला, नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) कंपनीच्या आकड्याइतकाच आवळा, मग साबणाचं पाणी सोडून बुडबुडे बघा.

हवा टायर गार असताना भरा. काही गाड्या थोडं चालवल्यावर नवे सेन्सर आपोआप ओळखतात, काहींना ते नोंदवायला स्कॅनर लावावा लागतो. तोवर जुना सेट गाडीपासून लांब ठेवा, नाहीतर त्याचेच सिग्नल पकडले जातात.