स्पेनच्या निवासी इंग्रजी शिबिरात स्वयंसेवक म्हणून जाताय? या चुका टाळा

स्पेनमध्ये नोकरी-धंद्यातली मंडळी आठवडाभर एखाद्या आडबाजूच्या हॉटेलात किंवा खेड्यात राहायला जातात आणि तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत फक्त इंग्रजी बोलतात. 2001 मध्ये सोरिया प्रांतातल्या वाल्देलाविया या ओस पडलेल्या, मग डागडुजी करून उभ्या केलेल्या खेड्यात ‘पुएब्लो इंग्लेस’ नावाने असं शिबिर सुरू झालं. पुढे अशी शिबिरं इतरत्रही निघाली. व्याकरण या मंडळींनी शाळेत आणि क्लासमध्ये भरपूर घोकलेलं असतं, पण बोलायला माणूस मिळालेला नसतो. तो माणूस म्हणजे स्वयंसेवक. राहणं-जेवण आयोजकांकडे, विमानभाडं आणि विमा आपल्याकडे, असा साधारण हिशोब असतो.

इथे शिकवायचं नसतं, समोरच्याला बोलतं करायचं असतं. तयारीतल्या बहुतेक चुका हे न समजल्यामुळे होतात. बाकीच्या कागदपत्रांच्या आणि वेळापत्रकाच्या असतात, आणि त्या जास्त महाग पडतात. म्हणून आधी त्याच बघू.

निवड पक्की होण्याआधी तिकीट काढणं

काही आयोजकांना इंग्रजी मातृभाषा असलेलेच स्वयंसेवक हवे असतात, काहींना सफाईदार बोलणारा कोणीही चालतो. अर्ज भरण्याआधी ही अट नीट वाचा. संदिग्ध वाटली तर ईमेलने स्पष्ट विचारा आणि ‘मातृभाषा मराठी, शिक्षण व काम इंग्रजीत’ असं खरं तेच लिहा. कारण मुलाखत फोनवर किंवा व्हिडिओवर होते आणि बोलण्यावरून सगळं कळतंच. लेखी होकार येईपर्यंत, आणि त्यानंतरही व्हिसा हातात पडेपर्यंत, पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. स्वयंसेवकाकडून कोणी नोंदणी शुल्क किंवा अनामत मागत असेल तर ती कशाची, परत कधी मिळणार आणि कोणत्या खात्यात जाणार, हे लेखी घ्या. एखाद्याच्या वैयक्तिक खात्यात पैसे भरायला सांगितलं तर तिथेच थांबा.

व्हिसाच्या अर्जात ‘फिरायला’ एवढंच लिहून मोकळं होणं

भारतीय पासपोर्टवर स्पेनसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त 6 महिने आणि कमीत कमी 15 दिवस आधी करता येतो. निर्णयाला नेहमी 15 दिवस धरले जातात, पण ते 45 दिवसांपर्यंत लांबू शकतात. त्यामुळे 15 दिवसांच्या काठावर अर्ज करणं म्हणजे शिबिर हुकण्याची तयारीच. दोन-अडीच महिने आधीची अपॉइंटमेंट धरा.

प्रवासाचा हेतू लपवू नका. आयोजकांकडून पत्र मागवा. त्यात शिबिराच्या तारखा, ठिकाणाचा पूर्ण पत्ता, राहण्या-जेवणाची सोय त्यांच्याकडे असल्याचा उल्लेख आणि कामाचा कोणताही मोबदला मिळणार नाही, हे चारही मुद्दे हवेत. अशा कामासाठी कोणत्या प्रकारचा व्हिसा चालेल हे वकिलातीला लेखी विचारा. विमानतळावर ‘मित्राकडे चाललोय’ म्हणायचं आणि बॅगेत शिबिराचं पत्र, असा विसंवाद सगळ्यात घातक.

नेहमी राहून जाणाऱ्या गोष्टी:

- विमा कमीत कमी 30,000 युरोंचा, संपूर्ण शेंगेन प्रदेशात चालणारा आणि सगळ्या मुक्कामाचा हवा. लोक फक्त शिबिराच्या दिवसांचा काढतात आणि आधी-नंतरच्या रात्री उघड्या पडतात.
- शिबिराच्या आधी आणि नंतर माद्रिदमध्ये जिथे उतरणार तिथलं बुकिंगही जोडा. आयोजकांचं पत्र फक्त मधल्या दिवसांपुरतं असतं.
- पासपोर्ट गेल्या 10 वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान 3 महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा.
- आधी युरोपात जाऊन आला असाल तर कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस हा हिशोब मांडा. तो शेंगेनमधल्या सगळ्या देशांचा मिळून असतो.

शिबिर अल्पवयीन मुलांसाठी असेल तर आणखी एक काम वाढतं. स्पेनमध्ये 2015 च्या कायद्यानुसार मुलांबरोबर काम करणाऱ्यांना, अगदी स्वयंसेवकांनाही, लैंगिक गुन्ह्यांची नोंद नसल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. परदेशी माणसाकडे त्याच्या देशातलं मागतात. आपल्याकडचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, त्यावर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) आणि मग अधिकृत स्पॅनिश भाषांतर, या क्रमाने ते तयार होतं. भाषांतर आधी आणि अपोस्टिल नंतर केलं तर शिक्का भाषांतरात येत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

बसच्या दिवशीच विमानातून उतरणं

शिबिराची बस बहुतेक वेळा माद्रिदहून सकाळी सुटते आणि ती कोणासाठी थांबत नाही. सकाळी 7 ला विमान उतरेल, 10 ला बस पकडू, हा हिशोब कागदावर बसतो. पण पासपोर्टची रांग, सामानाचा पट्टा आणि बाराखास विमानतळाचा विस्तार त्यात धरलेला नसतो. टी-4 हे टर्मिनल टी-1, 2, 3 पासून बरंच दूर आहे, मध्ये फुकट बस फिरते. शिवाय शेंगेनच्या सीमेवर आता फोटो आणि बोटांचे ठसे नोंदवणारी नवी यंत्रणा आली आहे, तिथेही वेळ जातो. किमान एक रात्र आधी पोहोचा, दोन मिळाल्या तर उत्तम.

कारण झोपेचं गणित. स्पेन उन्हाळ्यात भारतापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. शिबिरात रात्रीचं जेवण 9 च्या सुमाराला असतं, म्हणजे उन्हाळ्यात आपल्या शरीराच्या घड्याळात रात्रीचे साडेबारा. त्या वेळी ताटासमोर बसून नीट संभाषण करायचं आहे. दुपारचं जेवणही 2 च्या पुढेच. सकाळच्या नाश्त्याला पोटभर खा आणि खोलीत सुका खाऊ ठेवा.

परतीच्या दिवशीही बस माद्रिदला पोहोचण्याची वेळ आणि विमान यात एक रात्र ठेवा.

‘गरम देश’ म्हणून नुसते सुती कपडे भरणं

माद्रिद समुद्रसपाटीपासून साधारण 650 मीटर उंचीवर आहे. अशी शिबिरं जिथे झाली आहेत ते सालामांका प्रांतातलं ला अल्बेर्का 1,000 मीटरच्या वर आणि सोरिया शहरही तसंच. जुलैत दुपारी ऊन भाजून काढतं, आणि रात्री अंगणात गप्पा मारताना जाकीट लागतं. मार्च किंवा नोव्हेंबरमध्ये तर जाड स्वेटरला पर्याय नाही. बरीचशी वन-टू-वन सेशन्स (एक स्वयंसेवक, एक सहभागी) चालता चालता होतात, रस्ते दगडी असतात. म्हणून महिनाभर वापरलेले, पायाला बसलेले बूट न्या. नवे कोरे बूट दुसऱ्याच दिवशी टाच सोलतात. तिथली सॉकेटं दोन गोल पिनांची असतात. आपला तीन पिनांचा प्लग त्यात जात नाही, अडॅप्टर इथूनच घ्या.

‘मी शाकाहारी’ एवढंच कळवणं

तेवढ्यावर सॅलडमध्ये ट्यूना आणि भाजीत हामोनचे (खारवून वाळवलेल्या डुकराच्या मांसाचे) तुकडे येऊ शकतात. ‘कार्ने’ (स्पॅनिशमध्ये मांस) म्हटलं की अनेकांच्या डोळ्यासमोर फक्त मोठं मांस येतं. म्हणून अर्जातच सुटं सुटं लिहा: मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत, ट्यूना नाही, हामोन नाही, मांसाच्या पाण्यातलं सूप नाही. अंडं-दूध चालतं की नाही तेही. पोहोचल्यावर पहिल्या जेवणाआधी समन्वयकाला पुन्हा सांगा. स्वयंपाकघरात निरोप तोच नेतो, कारण स्वयंपाकी बहुधा स्पॅनिशच बोलतो.

आपणच बोलत राहणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, आणि ती चांगल्या हेतूने होते. समोरचा अडखळला की शांतता सहन होत नाही आणि आपण त्याचं वाक्य पूर्ण करून टाकतो. तो हसून ‘येस, येस’ म्हणतो. त्याला शब्द सापडणारच होता, तो आपण हिसकावून घेतला. मनात सावकाश पाच अंक मोजा. तेवढ्यात बहुतेकांचं वाक्य येतं. नाहीच आलं तर शब्द पुरवू नका, प्रश्न बदलून विचारा.

तासाभराच्या सेशनमध्ये सहभागी माणसाने तुमच्या निदान दुप्पट बोलावं, असं माप ठेवा. ‘डू यू लाइक युवर जॉब?’ या प्रश्नावर ‘येस’ येतं आणि गाडी थांबते. ‘तुमच्या जागी उद्या नवीन माणूस आला तर पहिल्या दिवशी त्याला काय सांगाल?’ या प्रश्नावर दहा मिनिटं जातात. असे दहा-बारा प्रश्न लिहून न्या. आठ-दहा छापील फोटोही न्या: घर, रस्ता, सण, कामाची जागा. मोबाइलवर फोटो दाखवायला गेलात की पाठोपाठ मेसेज दिसतात आणि लक्ष उडतं.

राजकारण, 1936 ते 1939 चं यादवी युद्ध, हुकूमशहा फ्रँकोची राजवट, कॅटलोनियाच्या स्वातंत्र्याचा वाद, बैलांच्या झुंजी हे विषय पहिल्या दिवशी आपण काढू नयेत. त्यांनी काढले तर मत न देता विचारत राहा. त्या गप्पा फार सुंदर होतात.

प्रत्येक चूक जागच्या जागी दुरुस्त करणं

दर वाक्याला टोकलं की माणूस छोटी, सुरक्षित वाक्यं बोलायला लागतो. खिशात छोटी वही ठेवा, चुका टिपा आणि शेवटच्या पाच मिनिटांत फक्त तीन सांगा, त्याही वारंवार येणाऱ्या. कोणत्या येतील हे आधीच माहीत असलेलं बरं. ‘आय हॅव थर्टी इयर्स’ ऐकू येईल, कारण स्पॅनिशमध्ये माणूस तीस वर्षांचा ‘असतो’ असं म्हणत नाहीत, त्याच्या‘जवळ’ तीस वर्षं आहेत असं म्हणतात. ‘इज इम्पॉर्टंट’ असं कर्त्याशिवाय वाक्य येईल, कारण त्यांच्या क्रियापदातच कर्ता कळतो. ‘स्पेन’चं ‘एस्पेन’ होईल. ‘व्होट’ आणि ‘बोट’ सारखेच ऐकू येतील, कारण त्यांच्या भाषेत बी आणि व्हीचा उच्चार एकच. आपल्या तोंडी व्ही आणि डब्ल्यू एक होतात, तेव्हा समोरच्याला समजलं नाही तर दोष त्याच्या कानांचा आहे असं धरू नका.

भारतीय इंग्रजी गृहीत धरणं, किंवा खोटा लहेजा लावणं

लहेजा बदलू नका. या मंडळींना नोकरीत जगभरच्या लोकांशी फोनवर बोलायचं असतं, त्यामुळे तुमचा खरा आवाज त्यांच्या कामाचाच आहे. वेग मात्र थोडा कमी करा आणि वाक्यामागे श्वास घ्या. शब्द तोडून, लहान मुलाशी बोलल्यासारखं बोलू नका. तसं कामावर कोणी बोलत नसतं.

‘प्रीपोन’, ‘डू द नीडफुल’, ‘आउट ऑफ स्टेशन’, ‘पासआउट’ हे शब्द मात्र घरी ठेवून या. ते शिकून ती माणसं लंडनच्या ईमेलमध्ये वापरतील. लाख आणि कोटीही नकोत. आकड्यांत आणखी एक खड्डा आहे: इंग्रजी बिलियन म्हणजे 100 कोटी, पण स्पॅनिश ‘बियोन’ म्हणजे एक लाख कोटी. शिवाय स्पेनमध्ये 1.500 असं लिहिलं की ते दीड हजार असतात, दीड नव्हे. सहभागी माणूस बँकेत किंवा हिशोबात असेल तर एक अख्खं सेशन नुसत्या आकड्यांवर घ्या.

फोनचं सेशन ‘गप्पा’ म्हणून सोडून देणं

बऱ्याच शिबिरांत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फोन लावून संभाषण करतात. सहभागी मंडळी सगळ्यात जास्त घाबरतात ती इथे, कारण ओठ दिसत नाहीत, हातवारे दिसत नाहीत. ‘हाउ आर यू’ने सुरू करून वेळ काढलात तर त्यांचा अर्धा फायदा गेला. प्रसंग ठरवून घ्या: तुम्ही हॉटेलचे रिसेप्शनिस्ट, ते पाहुणे, बुकिंग चुकीच्या तारखेला झालंय. नाव एकेक अक्षर करून सांगायला लावा. तिथे हटकून गडबड होते, कारण स्पॅनिशमध्ये I या अक्षराचाच उच्चार ‘ई’ असा होतो, त्यामुळे इंग्रजी E ऐकून ते I लिहितात, आणि जी-जेचीही अदलाबदल होते. ‘ई फॉर इजिप्त, आय फॉर इटली’ ही पद्धत तेव्हाच द्या. मग फोन नंबर, तारीख आणि रक्कम सांगा आणि त्यांना ती परत वाचून दाखवायला लावा. शेवटी मुद्दाम एक आकडा चुकीचा वाचा. त्यांनी तो पकडून ‘नो, सॉरी’ म्हटलं की सेशन जमलं.

दुपारची विश्रांती फिरण्यात घालवणं

दिवस सकाळी नाश्त्यापासून सुरू होतो आणि रात्रीच्या खेळ-गाण्यानंतर संपतो. मध्ये दुपारी जेवणानंतर मोकळा वेळ मिळतो. पहिले दोन दिवस लोक तेव्हा गाव बघायला जातात आणि तिसऱ्या दिवशी घसा बसतो. झोपा, निदान गप्प पडून राहा. पाण्याची बाटली सतत हातात असू द्या. जेवणात वाइन मोकळ्या हाताने वाढली जाते. ती घेतलीत तर रात्री घ्या, दुपारच्या सेशनआधी नको.

मित्र किंवा जोडीदाराबरोबर गेलात तर टेबलावर एकमेकांशेजारी बसू नका आणि तिथे मराठी बोलू नका. स्पॅनिश शिकायची हौस असेल तर ती माद्रिदमधल्या दिवसांत भागवा. शिबिरात तुम्ही ‘ओला’ (स्पॅनिश ‘हॅलो’) म्हटलंत की समोरचा लगेच स्पॅनिशवर येतो, आणि त्याने पैसे भरलेत ते नेमके तसं होऊ नये म्हणून.

काही बिघडलं, खोली जमली नाही, तब्येत बिनसली तर समन्वयकाला त्याच दिवशी सांगा. मध्येच निघून गेलात तर सहभागी माणसांची सेशन्स रिकामी जातात, आणि काही आयोजक अशा वेळी राहण्या-जेवणाचा खर्च मागतात. ते करारात लिहिलेलं असतं, सही करण्याआधी वाचा. तातडीच्या मदतीचा नंबर 112, तो मोबाइलमध्ये आधीच घालून ठेवा.